दाजींचं करवतीचं मशीन

मंडळी, बसून घ्या. मागं ऐकू येत नसेल तर पुढं सरका, पण माईकचा आवाज वाढवू नका. माझा आवाज आधीच कापतोय, तो मोठा करून कुणाला ऐकवू?

तुम्ही कामंधामं टाकून मारुतीच्या देवळात जमलात. ज्यांना तुम्ही भास्करआप्पा म्हणायचा, ते माझे दाजी. माझ्या धाकट्या बहिणीचे, शोभाचे मालक. काल त्यांचा दहावा झाला. मी किराणा दुकानदार माणूस. काउंटरच्या आतून दिवसभर बडबडतो, पण असं उभं राहून बोलायची वेळ कधी आली नव्हती. आली ती ही अशी.

खरं सांगू का? मला आज नुसतं दुःख नाही. मला धाकधूक आहे. शोभा मला म्हणाली, "दादा, आज चार मानसांदेखत सांग, मशीन विकायचं म्हनून. तू बोललास की ठरलं." आणि माझी भाची रोहिणी, दाजींची एकुलती एक लेक, मला गाडीवरून इथं सोडताना म्हणाली, "मामा, तू विकायचं म्हनलास तर मी तोंड उघडनार न्हाई. पन तुला खरंच तसं वाटत आसंल, तरच म्हन." दोघी समोरच बसल्यात. एकमेकींकडं बघत नाहीयेत.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, मशीन कसलं. लाकूड कापायचं. दोन लांब लोखंडी रूळ, त्यावर ओंडका निजवायचा, आणि इंजिनावर फिरणारा करवतीचा पट्टा त्याच्यावरून ढकलत न्यायचा. एकेक फळी सुटत जाते. चाकं लावली की ट्रॅक्टरमागं कुठंही नेता येतं. दाजींनी ते घरामागच्या अंगणात मांडलं.

मशीन आलं त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मी म्हणालो, "दाजी, परवानगी?" ते वनखात्यात खेटे घालून परवानगी घेऊन आले. मी म्हणालो, "शेजारी आवाजाची तक्रार करतील." ते शेजाऱ्यांकडं चहा पिऊन आले. मी म्हणालो, "हात जाईल." तर म्हणाले, "पाव्हणं, तुमी रोज सुरीनं गूळ फोडता, मी कवा बोललो का?" रूळ बसवताना गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन ते दिवसभर जमिनीवर पालथे पडून होते, कारण रूळ जरा तिरका तर फळी तिरकी. मी डोक्याशी उभा. ओंडका घसरला तर? पट्टा उडाला तर? शेवटी शोभाच म्हणाली, "दादा, तू घरी जा."

हसा, हसा. ते असते तर हसलेच असते.

पहिला ओंडका माझ्याच परसातला. वादळात कडुलिंब आडवा झाला होता. पट्टा मध्यापर्यंत गेला आणि फाडकन तुटला. आत खिळा. आपल्याकडं झाडाला काय काय ठोकतात, तुम्हाला ठाऊक आहे. बैलाची कडी, निवडणुकीची पाटी, उताऱ्याचं लिंबू. हा खिळा माझ्या आईनं ठोकला होता. लहानपणी मी सारखा दचकायचो. कुत्र्याला, वाऱ्याला, भांडं पडलं तरी. कुणीतरी आईला सांगितलं, पोराचं भ्या झाडाला खिळून टाक. आईनं माझ्यावरून लिंबू उतरवलं आणि कडुलिंबाला ठोकलं. लिंबू वाळून गेलं, खिळा झाडानं पोटात घेतला. दाजींनी तो पक्कडीनं उपसला आणि माझ्या हातावर ठेवला. "घ्या पाव्हणं, तुमचं भ्या सापडलं. लई जपून ठिवलं हुतं झाडानं."

त्या दिवसापासून फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक ओंडक्यावरून फिरवल्याशिवाय त्यांनी इंजिन सुरू केलं नाही. रोहिणीलाही तेच शिकवलं. पट्ट्याला धार लावायला शिकवलं, लाकडाचा वास घेऊन ओलं की सुकं ते ओळखायला शिकवलं. आज खर्डा गावच्या बाजारात लोक रोहिणीचा नंबर विचारतात. बांधावरची पडलेली बाभळ घेऊन येतात आणि दाराच्या फळ्या घेऊन जातात. मी तिला एकदा विचारलं, "बाई, तुला दुसरं काही येत नाही का?" म्हणाली, "येतं की मामा. पन ह्ये आवडतं."

दाजींचा एक नियम होता. ओंडका चढवायचा तर दोन टोकांना दोन माणसं, पहारी लावून. आणि तिसरा मागं, लाकडाचा गुटका सारायला, म्हणजे ओंडका उलटा येत नाही. माणसं कुठून आणायची? सावडीनं. आपण पेरणीला, खुरपणीला एकमेकांकडं जातो, तसंच. आज तुझ्या ओंडक्याला मी, उद्या माझ्या ओंडक्याला तू. इथं बसलेल्या कितीतरी जणांनी त्या अंगणात पहार धरली आहे.

मग त्या दिवशी काय झालं?

शनि अमावस्या होती. शोभा, रोहिणी, मी, आम्ही टेम्पो करून शिंगणापूरला निघालो. अर्धा गाव निघाला. मी म्हणालो, "दाजी, चला." तर म्हणतात, "तिथं घरांना दारंच न्हाईत पाव्हणं. तिथं माझं काय काम?" टेम्पो हसला. तेच त्यांचं शेवटचं बोलणं माझ्याशी.

मंडळी, तिथं रांगेत उभा राहून मी शनीला तेल वाहिलं, आणि मागितलं काय? दाजींना त्या मशीनपासून सांभाळ. दुसरं काहीच मागितलं नाही. परतीच्या वाटेवर फोन आला.

नामदेव सुताराला दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या घराची चौकट उभी करायची होती, मुहूर्त होता. फळ्या कमी पडल्या. आता अमावस्येला आपल्याकडं कोण हत्याराला हात लावतं? जे गावात होते ते घरी बसून होते. दाजींनी कुणाला हाक मारली नाही. दुसऱ्याचा नेम मोडायला लावणं त्यांना पटायचं नाही. स्वतः मात्र काही पाळायचे नाहीत. एकटेच ओंडका चढवायला गेले, आणि तो उलटा फिरून त्यांच्या अंगावर आला.

आता गावात काय बोललं जातंय, ते माझ्या दुकानात रोज ऐकू येतं. शनिवार, अमावस्या आणि लोखंड चालवलं. घास घेतला म्हणतात. मशीन घरात ठेवलं तर अजून एक घेईल म्हणतात. शोभाच्या कानावर हे सगळं येतं. ती रात्रंदिवस लेकीकडं बघत बसते. मी तिला कशी नावं ठेवू? मीही तसलाच. मला असल्या गोष्टी लगेच पटतात.

म्हणून परवा मी धीर करून अंगणात गेलो. ओंडका अजून तिथंच पडलाय, कुणी शिवलं नाही. मी चारी बाजूंनी बघितलं. पहार तिथं पडली होती. आणि गुटका? गुटका मागं भिंतीला टेकवून ठेवलेला, जसाच्या तसा. हात पुरला नाही हो त्यांचा! पहार सोडल्याशिवाय गुटका घेता येत नव्हता, आणि पहार सोडता येत नव्हती. किती वेळ तसे उभे राहिले असतील? कुणाला हाक मारली असेल का?

यात शनी कुठं आला? मला सांगा, कुठं आला? मागं एक माणूस असता, तर आज ही सभा झाली नसती.

शोभा, माझ्याकडं बघ. तू सांगितलं होतंस ते माझ्या तोंडून निघत नाहीये. मला भीती वाटत नाही असं नाही. लई वाटते. रोहिणी इंजिन सुरू करेल तेव्हा मी दुकानात उभा राहून कान देत बसेन, आवाज बंद पडला की माझं काळीज बंद पडेल. पण मशीन विकलं, तरी ही पोरगी कुठंतरी काहीतरी जड उचलणारच आहे. तेव्हा तिच्या मागं कोण असणार, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मशीन विकून सुटत नाही.

रोहिणी, तुलाही सांगतो. आणि हे चार माणसांदेखत सांगतो. अमावस्या असो, मुहूर्त असो, कुणी कितीही घाई करो, एकटीनं ओंडक्याला हात लावायचा नाही. माणसं नसतील तर लाकूड पडून राहू दे. सुताराचं घर एक दिवस दाराशिवाय राहिलं तर काय बिघडतं?

तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणातला ओंडका उचलायचा आहे. तो तसाच पडून राहिला तर शोभाला मागचं दार उघडवणार नाही. एका टोकाला रोहिणी असेल. दुसऱ्या टोकाला मी. होय, मी. पहार सोडणार नाही. मागं गुटका सारायला मला माणूस पाहिजे. आत्ता हात वर करू नका. सभेत हात सगळेच वर करतात.

आता सगळे उभे राहूया. शोभा, तूही ऊठ, रोहिणीचा हात धर. दाजी, तुम्हाला नमस्कार करतो. मंडळी, थोडा वेळ शांत राहू. आणि या शांततेत प्रत्येकानं एवढंच ठरवावं, त्या सकाळी आपण येणार आहोत का.