खुर्ची आत घे

मंडळी, माईक जरा खाली करा. हां, बराबर. बसलेल्या माणसाच्या उंचीला माईक कुणी लावतच न्हाई. त्यात आज बोलायचं बी जड जाऊन राह्यलंय. रमाकांत गेला त्याला तेरा दिवस झाले. तरी बोलतो.

माझा स्वभाव संशयी, हे तुम्हाला म्हाईतच हाय. कुणी माझ्या या चाकाच्या खुर्चीला हात लावला की मी आधी विचार करतो, याला काय पाहिजे? फोटो पाहिजे का पुण्य? आज बी मी तुमच्याकडं संशयानंच बघून राह्यलोय. माझ्याआधी पाच जण बोलले. पाची जण म्हणले, रमाकांत शाळेच्या पुस्तकांचा दुकानदार होता, सज्जन होता, एकटा राह्यला. दुकानाच्या आतल्या खोलीचं कुणीच बोललं न्हाई. का न्हाई बोललं? तुमच्यातले चौघं त्या खोलीत माझ्या शेजारी बसलेत. घाबरू नका. नावं घेत न्हाई. दवाखान्यात रमाकांतच मला म्हणला, "खोलीचं सांग. माणसांचं नको."

मंग सांगतो. हे समोरचंच दुकान. आपल्या मस्तगड भागात कुणाला बी विचारा. पुढं गाइडं, वह्या, नकाशे. पडद्यामागं खोली. तिथं पुण्या-मुंबईहून पार्सलनं आलेली पुस्तकं, मासिकांच्या झेरॉक्स, सगळ्यांना खाकी कव्हर. पुरुषावर जीव असलेल्या पुरुषांची, बाईवर जीव असलेल्या बायांची, अंग एक आन् मन एक घेऊन जन्मलेल्यांची पुस्तकं. आपल्याकडं तशी जागा दुसरी कुठं होती? वडीगोद्रीहून एसटीनं माणसं यायची. दहावीचं गाइड मागायची आन् चपला बाहेर काढून आत जायची.

मी पहिल्यांदा गेल्तो तवा दोन पायऱ्या आडव्या आल्या. रमाकांत बाहेर आला. इकडं तिकडं बघितलं. मागून लाकडी फळी आणली, पायऱ्यांवर टाकली आन् म्हणला, "खुर्ची आत घे." मी आत गेलो की लगेच फळी उचलली, पडदा ओढला.

मला वाटलं, हा लाजून राह्यलाय. पांगळं गिऱ्हाईक दारात दिसलं तर धंदा बसंल, असं याला वाटतंय. दुसऱ्या बारीला मी म्हणलं, खुर्ची राहू द्या बाहेर, मला उचलून आत बसवा. तो म्हणला, "न्हाई. खुर्ची आत घे." तिसऱ्या बारीला बी तेच. दोन वर्षं, दर बुधवारी, तेच. त्या खोलीत मी वाचलं, रडलो, आपण एकटे न्हाई हे मला तिथंच कळलं. आन् ज्यानं ते दिलं त्यालाच मी मनात शिव्या घालत होतो.

माझा मोठा भाऊ, दादा, समोरच बसलाय. एमआयडीसीतल्या मिलमधून सुटला की मला विचारायचा, "दर बुधवारी कुठं जातो?" मी म्हणायचो, "गाइड आणायला." "चाळिशीला आला, कशाची परीक्षा देऊन राह्यला?" संशय आमच्या घरात खानदानीच हाय.

एका बुधवारी पडद्यामागून मला दादाच्या गाडीचा आवाज आला. गल्लीतून गेला. परत आला. दुकानासमोर थांबला. रमाकांतनं त्याला शांतपणे दोन वह्या विकल्या. दादा बाहेरच्या चपलांकडं बघून गेला.

चपला कुणाच्या हे कोण ओळखतंय? पण माझ्या खुर्चीच्या पाठीवर ती दान देणाऱ्या मंडळाचं नाव हे एवढाल्या अक्षरात रंगवलंय. अख्खं गाव ती ओळखतं. ती बाहेर राह्यली असती, तर?

मी रमाकांतला विचारलं, "तू मला लपवत होता?" तो म्हणला, "घरी काय सांगायचं, कवा सांगायचं, ते तू ठरव. तुझ्या खुर्चीनं कशाला सांगावं?"

त्या माणसावर मी दोन वर्षं नाहक संशय घेतला. माफी मागायची राह्यली. लई वाईट वाटतं, मंडळी.

दादा, त्या दोन वह्या अजून घरात हायत. मी कसलीच परीक्षा देत नव्हतो. मी त्या खोलीचं गिऱ्हाईक होतो. तू समजत आला, माझं लग्न पायांमुळं झालं न्हाई. तसं न्हाई, दादा. मला बाईची ओढ कधीच नव्हती. मी समलिंगी हाय. आज हे मी सांगून राह्यलोय, खुर्ची न्हाई.

आता सगळे दोन मिनिटं उभे राहा. मला राहता येत न्हाई. तेवढ्यात, दादा, माझी खुर्ची रमाकांतच्या दुकानाच्या दारापाशी नेऊन लाव. पाठीवरचं नाव रस्त्याकडं करून. तू उठशील का, याचा बी मला संशयच हाय. न्हाई उठला, तर मी माझ्या हातानं चाकं फिरवीन.

रमाकांत, तुला नमस्कार. फळी टाकू नको. आज खुर्ची बाहेरच राहू दे.