पिस्तूल आणि बंद गळ्याचा शर्ट

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही फरार आहात का?" तुम्हाला सांगते, ज्या दुकानात तीस वर्षं मी कोंबड्यांचं खाद्य घेतेय, ज्या रस्टीचं नाक चर्चमध्ये माझ्या रुमालानं पुसलंय, तो रस्टी तिथल्याच पिस्तुलाच्या कपाटामागं उभा राहून पिस्तूल-खरेदीचा हा फॉर्म माझ्यापुढं सरकवतो. म्हटलं, "का रे, फरार माणूस इथं 'हो' लिहितो का?" तर म्हणतो, "मिस व्हर्ना, सरकारी आहे, सगळ्यांना भरावाच लागतो." मग कुणाला तरी फोन लावून माझं नाव सांगितलं, आणि माझ्याकडं पाठ केली. पाठ का केली? तेव्हाच म्हटलं, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे.

पिस्तुलाची मला काय हौस होती? गेल्या महिन्यात भर दुपारी मी पीच बरण्यांत भरत होते, आणि मागच्या दाराची मूठ फिरली. अशी... हळूच. "कोण आहे?" म्हटलं तर थांबली, आणि पावलं निघून गेली. शेरीफच्या कचेरीत फोन केला, तर तिथली पोरगी म्हणते, "गाडीला चाळीस मिनिटं लागतील मॅम, तोवर शांत राहा." चाळीस मिनिटांत मी शांत झालेच असते की, कायमची.

माझ्या डॅरेलला तर निमित्तच हवं होतं. "ममा, डॅडी गेल्यापासून तू एकटी. घर विकू, आमच्या मागच्या खोलीत ये." त्याच्यामागं सूनबाई शेल्बी मान हलवतेय. गोड हसून. आठ वर्षांत माझ्या वाढदिवसाला साधा केक न केलेली बाई मला खोली देते? काळंबेरं नाही तर काय? म्हटलं, "ह्या घरातून मी आडवीच निघेन." शेवटी असं ठरलं, की मी पिस्तूल घ्यायचं, गावातल्या ओडेलच्या नेमबाजीच्या वर्गात शिकायचं, आणि ओडेल म्हणाला बाई हातानं धड आहे, तर घर माझं. नाही म्हणाला, तर मागची खोली.

रस्टीनं आधी एक गुलाबी, चिमुकलं पिस्तूल काढलं. "बायका हेच नेतात, हलकं असतं." अरे, हलकं खेचर लाथ जास्त मारतं, हे मी काय आज शिकायचं? म्हटलं, ते काळं दे, वजनदार. "त्याचा वरचा भाग मागं ओढायला बायकांना जड जातो, मिस व्हर्ना." जन्मभर गाईंच्या धारा काढलेले हात माझे. खटकन ओढला. रस्टीनं गुलाबी परत कपाटात ठेवलं.

आता हा ओडेल म्हणजे तुरुंगातला निवृत्त पहारेकरी, मिशीवाला, विधुर. फोनवर मला काय म्हणावं त्यानं? "शनिवारी सकाळी या, आणि बंद गळ्याचा शर्ट घाला." माझ्या गळ्याशी ह्याचा काय संबंध? असला विधुर बायकांच्या गळ्यापर्यंत पोचतोच कसा? काळंबेरं, दुसरं काय. मुद्दाम मी ईस्टरला घालते तो पिवळ्या फुलांचा ब्लाउज घातला, चांगला ऐसपैस गळ्याचा.

ओडेलनं एकदा पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग सगळ्यांना म्हणाला, "काहीही झालं तरी पिस्तुलाचं तोंड समोर. आकाश कोसळलं तरी समोर." काचेपलीकडं डॅरेल आणि शेल्बी बघत उभे. मी पहिली झाडली, दुसरी झाडली, आणि तिसरीला... तुम्हाला सांगते, गोळी सुटली की रिकामी पितळी पुंगळी उडते, तव्यावरून उतरवल्यासारखी तापलेली. ती उडाली आणि थेट ब्लाउजमध्ये शिरून अशा ठिकाणी बसली, जिथं डॉक्टर आणि माझा नवरा वॉल्टर सोडून कुणी पोचलेलं नाही.

हातात भरलेलं पिस्तूल, आत निखारा. सगळं अंग म्हणतंय, नाच. पण नाचले तर पिस्तूलही नाचणार, शेजारच्या चौघांचं काय व्हायचं ते होणार, आणि वर घरही जाणार. दात आवळले. चापावरून बोट काढलं. तोंड समोरच ठेवून पिस्तूल फळीवर ठेवलं, सावकाश, अंडं ठेवावं तसं. आणि मग मात्र अशी नाचले, की ओडेलनं भिंतीकडं तोंड केलं. सभ्य निघाला मेला.

मग ओडेल डॅरेलला म्हणाला, "गेल्या वर्षी एक पोलीस असाच भाजला, तर पिस्तुलासकट गरागरा फिरला, आम्ही सगळे जमिनीवर पालथे. तुझ्या आईची काळजी सोड. तिच्या दाराशी जाईल त्याची कर."

घर राहिलं. पण ओडेलनं हे वाक्य गावभर केलं ना. आता टपालवाला पार्सल फाटकाला अडकवून पळतो. गॅसवाला दोन्ही हात वर करून येतो. चर्चच्या बायका आधी फोन करतात, मग येतच नाहीत. शेल्बी तीनदा हॉर्न वाजवून गाडीतच बसते. मूठ कुणी फिरवली ते अजून कळलं नाही, आणि आता तर कुणीच फिरवत नाही.

म्हणून दर शनिवारी मी ओडेलकडं जाते, नेम चांगला असूनही जाते. तिथं सगळ्यांच्याच हातात पिस्तूल असतं, त्यामुळं मला कुणी घाबरत नाही. चार शब्द बोलायला तेवढी एकच जागा उरलीय.