अजून काहीच पुसलं नाई

जय भीम. विहारात जमलेल्या समद्या मंडळींनो, मावशी, मले बोलता येईन का नाई, मालूम नाई. दुःख तं हायेच. पन खरं सांगू? मले भेव लागून राहिलं.

मी अन् निखिलदादा, मावशीचा पोरगा, दोघंबी पुन्याच्या कंपनीचं काम इथं सिहोऱ्यातूनच करत होतो, मावशीच्या घरच्या समोरच्या खोलीत. एकाच प्रोग्रामवर लय जनं लिवतात. कोनं काय बदललं ते सांभाळाले एक टूल असते, व्हर्जन कंट्रोल म्हनतात त्याले. आमी ते टूलच बनवतो. टूलनं मानसाशी नीट बोलावं, हे दादाचं काम.

मी नवीन होती, तवा एक डाव स्क्रीनवर लाल अक्षरं आली. मी खुर्चीवरून उठलीच. दादा म्हने, "काहून पळून राहिली वो? तुयी चूक नाई. मानूस भेला, म्हनजे मेसेजच खराब. मेसेजनं पयले सांगावं, काय शाबूत हाये. मंग काय झालं. मंग आता काय करावं."

त्याले राग कायचा येये? कमांड मारली अन् मशीन चूप. "चूप नोको राहू, बोल नं," असं स्क्रीनले म्हने. मावशी आतून विचारे, "कोनाशी बोलून राहिला रे?"

शुक्रवारी तो एक मेसेज सुधरवत होता. दोघायनं एकच ओळ बदलली, तं टूल विचारते, तुमचं ठेवू का त्यायचं? कोनतं कोनाचं, ते सांगत नाई. चुकीचं निवडलं तं एकाचं काम जाते. शनिवारी सकाळी दादाच्या छातीत दुखलं, अन् दवाखान्यात पोचाच्या आधीच तो गेला.

काल मी त्याचं काम कंपनीच्या कामात मिळवाले बसली. तिकडं कोनीतरी त्याच ओळी बदलल्या होत्या. स्क्रीनवर तोच जुना मेसेज. तुमचं, का त्यायचं? माहं भेव घालवनारा मेसेज दादानं अर्धा लिवून ठेवला, अन् तो त्याच कामात अडकला. कोनाले विचारू? मी लॅपटॉप झाकला. मावशीनं विचारलं, "पोरी, माह्या निखिलचं पुसलं तं नाई गेलं?" मी चूप राहिली.

मावशी, आता आयका. अजून काहीच पुसलं नाई. एकाच ओळीवर दोघायचं लिवलेलं हाये, तेवढंच. घरी जाऊन पयले दोघायच्या कामाची नक्कल काढीन, मंगच हात लावीन.

आता सगळ्यायनं उभं राहावं, दोन मिनिटं. दादाले चूप बसनारं कोनी आवडत नव्हतं. आज तोच चूप हाये, अन् मले त्याचंच भेव लागून राहिलं.

जय भीम, दादा.