पालकांपुरता व्हेंटिलेटर

(प्रवेशाचा दिवस. बायोमेडिकल इंजिनिअरिंग विभागाची प्रयोगशाळा.)

विद्यार्थिनी : शी! हा डॉक्टरी कोट मी घालणार नाही, सर. मी दवाखान्यांना खाटा विकते.

सर : अगं, हळू बोल! बाहेर पालक बसलेत. फोटोपुरता घाल. यशस्वी माजी विद्यार्थिनी म्हटल्यावर मला तूच आठवलीस.

विद्यार्थिनी : यशस्वी? डोंबलाचं! आमचा अर्धा वर्ग माझ्यासारखा बॅग घेऊन दारोदार फिरतोय, बाकीचे बँकेत चिकटले. आणि तुमच्या पत्रकात काय, तर सगळ्यांना वैद्यकीय क्षेत्रात नोकरी!

सर : मग तू खाटा काय भाजीबाजारात विकतेस? दवाखान्यातच ना? झालं की वैद्यकीय क्षेत्र!

विद्यार्थिनी : धन्य आहे तुमची! आणि हा व्हेंटिलेटर? आम्ही चार वर्षं याची नुसती धूळ पुसली. आज बरा चालू झाला?

सर : चालू म्हणजे... पडद्यावर श्वासाची लहर दिसतेय ना? पालकांना तेवढं पुरतं.

विद्यार्थिनी : मागे पेन ड्राइव्ह खोचलाय, सर. व्हिडिओ आहे तो! किळस येते हो मला. पहिल्याच मुलाखतीत माझ्यापुढे असं यंत्र ठेवलं आणि म्हणाले, उघडा. मला झाकण कुठून निघतं तेसुद्धा कळेना. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं.

सर : तुझं सगळं खरं, बाई. पण यंदा जागा भरल्या नाहीत तर विभागाला टाळं लागेल. या वयात मला दारात तरी कोण उभं करणार? दोन शब्द चांगले बोल, बस्स.

विद्यार्थिनी : तुमची नोकरी टिकावी म्हणून कुणाच्या तरी लेकीला खड्ड्यात ढकलू?

पालक : आत येऊ का? बसून बसून कंटाळलो बाहेर. मॅडम, तुम्ही इथं शिकलात ना? आमच्या मुलीनं हाच विषय घ्यायचा हट्ट धरलाय. घरातलं एक घड्याळ धड ठेवलं नाही तिनं, सगळी उघडून बसते. घालू का तिला इथं?

सर : घाला, घाला! अशीच मुलं हवीत आम्हाला.

विद्यार्थिनी : काका, विषय सोन्यासारखा आहे. तो जरूर घेऊ द्या तिला. पण इथं घालायचं का, ते सरांना विचारा. सर, हे यंत्र उघडून दाखवा यांना. मग मी कोटही घालते आणि तुम्ही म्हणाल तेवढं गोड बोलते.

सर : आत्ता? पेचकस कुठाय इथं?

विद्यार्थिनी : माझ्या पर्समध्ये आहे. खाटांचे स्क्रू आवळावे लागतात मला. हा घ्या.

पालक : दाखवा की, सर. मलाही बघू दे.

सर : उघडीन हो. पण परत जोडता नाही यायचं मला.

पालक : अहो, तुम्ही शिकवता ना हे?

सर : शिकवतो. पण मीही इथंच शिकलोय.