पेट्रोलचं कार्ड

नाही, नाही, सर – कार्ड मागून. आधी खर्च. सगळे इथेच चुकतात, चकचकीत कार्ड बघतात आणि बोट ठेवतात, हे द्या. अहो, भाजी घेतोय का आपण? बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, ह्याच्यावर बसा. मी अशीच बसते, बूट काढून – तेवढं चालवून घ्या, सकाळपासून उभी आहे, पायांचे तुकडे पडायची वेळ आली. आणि हा दरवाजा! कुणी नुसतं जवळून गेलं तरी उघडतो, बाहेरची सगळी धूळ माझ्या टेबलावर. सांगून झालं, भांडून झालं. दुकानवाले म्हणतात काउंटर बँकेचं, बँकवाले म्हणतात दरवाजा दुकानाचा. चालायचंच. हं, तर महिन्याचा खर्च. किराणा किती जातो? अंदाजे नको, अंदाजे सगळेच कमी सांगतात. बायकोने लिहून दिलंय? शहाणी आहे. बघू.

किराणा – सगळ्यात मोठा, बरोबर. शाळेची फी. वीज, फोन. औषधं, आणि दर महिन्याला तेवढीच – म्हणजे घरात कुणीतरी वयस्कर आहे, कायमच्या गोळ्या आहेत. वडील? वाटलंच. बाहेरचं खाणं जवळजवळ नाहीच. आणि हे काय – लोकर? बायको विणते? छान. बघा, आत्ता तुम्ही सरकत्या जिन्याने वर चालला होतात, मी तुम्हाला हाक मारली, तुम्ही तोंड वाकडं केलंत – आणि आता मला तुमचं अख्खं घर दिसतंय. खर्च वाचला की माणूस कळतो. पत्रिकाबित्रिका काही लागत नाही. इतकी वर्षं हेच करतेय मी.

आता तुम्ही बोट ठेवलंत त्या काळ्या कार्डाचं. विमानतळावर आत नेऊन मऊ खुर्चीत बसवतात, फुकट खायला घालतात. किती वेळा जाता विमानाने? एकदा? वर्षातून एकदा? – अच्छा, आयुष्यात एकदा. मग त्या खुर्चीची वार्षिक फी तुम्ही घरी बसून भरणार, असं म्हणायचंय का? हसू नका, खरं तर मी तुम्हाला हेच विकायला पाहिजे. आमचे साहेब – वयाने माझ्या मुलाएवढेच – सकाळपासून मेसेज टाकतायत, काळी किती गेली, काळी किती गेली. जाऊ दे. तुम्ही हे हिरवं घ्या. किराण्यावर आणि औषधांवर जास्त पॉइंट, फी कमी, आणि वर्षाचा तुमचा नुसता किराणाच बघितला तरी ती फी माफ होते. शाळेच्या फीवर, विजेवर काही मिळत नाही, ते बारीक अक्षरात खाली लिहिलंय, कुणी वाचत नाही, म्हणून सांगते. आणि महिन्याला पॉइंटांची मर्यादा असते, ती संपली की पुढचं सगळं कोरडं. पॉइंट म्हणजे तरी काय हो – आपलेच पैसे, आपल्यालाच बक्षीस म्हणून परत. म्हणून पॉइंटांसाठी एक साबणसुद्धा जास्तीचा घ्यायचा नाही. आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. ‘किमान रक्कम’ असं एक छापलेलं असतं, त्याच्याकडे बघायचंच नाही. एकदा त्या वाटेला गेलात की पॉइंट राहिले बाजूला, व्याजानेच कंबर मोडेल.

कुठलं? निळं? ते सोडा. ते पेट्रोलचं आहे, आणि ते आता बंद होतंय, ह्या महिन्याअखेर. तक्त्यावरून काढायचं राहिलंय. हो, तुमच्याकडे स्कूटर आहे ते बघितलं मी, पण दोन वेळा टाकी भरण्यासाठी वेगळं कार्ड कशाला? माझ्याकडेच आहे ना ते निळं. म्हणून तर सांगते, भिकार आहे. पेट्रोलवर तेवढे भरपूर पॉइंट, बाकी कशावर घ्या, हातात भोपळा. – मी? नाही, माझ्याकडे कुठली गाडी? बसने येते मी.

ह्यांची होती. टॅक्सी. म्हणून घेतलं होतं ते कार्ड – माझ्या नावावर मुख्य, आणि त्याला जोडून एक ह्यांना, एक मुलाला. ॲड-ऑन म्हणतात. दिवसभर टॅक्सी फिरायची, पेट्रोल काय कमी लागतं? वर्षाअखेरीला पॉइंटांवर काहीतरी घरी यायचं. प्रेशर कुकर आला. इस्त्री आली. मुलगा तेव्हा कॉलेजात, त्याला नाद लागला ह्याचा – जेवताना ताटाशेजारी कागद घेऊन बसायचा, आई, किराणा त्या कार्डावर टाक, औषधं ह्या कार्डावर, आणि निळ्यावर पेट्रोल सोडून काही घेतलंस तर बघ. मला ओरडायचा! एकदा मी चुकून निळ्यावर उशा घेतल्या, तर महिनाभर चिडवत होता – आईच्या उशा पेट्रोलवर चालतात. ह्यांना ठसका लागला होता हसून.

आता ते नाहीत. – नाही, अपघात नव्हे, झोपेतच. टॅक्सी दारात उभी राहिली. मी रोज पुसायचे ती. आणि संध्याकाळी कामावरून आले की जरा जाऊन बसायचे आत. पुढे, त्यांच्या शेजारच्या सीटवर. जरा म्हणजे… अंधार पडेपर्यंत. कुणाला काय त्रास होता? आणि एक दिवस घरी येते तर दार मोकळं. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा राहिलेला. विकली त्याने. मला न विचारता! म्हणाला, आई, तू जेवत नाहीस, त्या गाडीतून उठत नाहीस, मला बघवत नव्हतं. मी म्हटलं, बापाला विकून आलास. – असंच म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं. पुढे त्याने बदली मागून घेतली, बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला. सुनेने सुरुवातीला दोन-चार फोन केले, मी उचलले नाहीत. तेव्हापासून अबोला. मीही हटून बसले, तोही. माझाच मुलगा ना.

तुम्ही फॉर्म भरा, माझं ऐकत बसू नका. इथे जन्मतारीख. तुमचा चेहरा तसा आहे म्हणून बोलले, नाहीतर मी ग्राहकांना ताकास तूर लागू देत नाही. – हो, बंद नाही केलं मी ते कार्ड. का म्हणजे? दर वर्षी फी भरते, गाडी नसताना. कुणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल – लोकांना खर्च बघून कार्ड निवडायला शिकवणारी बाई स्वतः असलं कार्ड सांभाळते. पण मुलाचं ॲड-ऑन अजून चालू आहे ना. तो कधीमधी काही घेतो त्याच्यावर, आणि मेसेज माझ्या फोनवर येतो, कारण मुख्य कार्ड माझं. दुकानाचं नाव आणि रक्कम, बस. बिलाची तारीख यायच्या आत तेवढे पैसे जमा करतो, मला एक दमडी भरू देत नाही. पैशाचा प्रश्न नाही. मेसेज येतो, एवढंच.

एकदा हॉस्पिटलचा आला. माझ्या जिवाला असा घोर लागला, डोळ्याला डोळा नाही. फोन हातात घेतला, ठेवला, घेतला, ठेवला. आणि दोन दिवसांनी मेसेज आला – पाळण्यांचं दुकान. जीव भांड्यात पडला आणि मी ह्याच खुर्चीत बसून रडले. ग्राहकाला वाटलं, त्याचा अर्ज नाकारला. आजी झाले हो मी, आणि मला बँकेने कळवलं! मग डायपर. मग बाळांच्या डॉक्टरची फी. गेल्या आठवड्यात लहान मुलांच्या बुटांचं दुकान – म्हणजे चालायला लागलं. पण मुलगा की मुलगी, नाव काय, कुणासारखं दिसतं – ते काही मेसेजमध्ये येत नाही.

आणि आता हे बंद. नवीन कार्ड निवडा म्हणतात, आणि ॲड-ऑन पाहिजे तर त्याची नव्याने सही आणा. फॉर्म आहे ना, हा काय, खणात पडलाय कधीचा. सही कशी मागू? काय म्हणू – बाळाचे मेसेज यावेत म्हणून सही कर? जाऊ दे, संपलं म्हणायचं. – काय? नाही, त्याला कशाला लागेल माझं कार्ड? चांगली नोकरी आहे त्याची, स्वतःची चार कार्डं असतील. सवय असेल. फोनवर नोंदलेलं असेल, बोट लागत असेल, पैसे कापले जात असतील. माणसं करतात तसं, आळस.

बाकीचं काय? किराणा? नाही, किराणा नाही येत. थांबा, बघते – वीज, तेही नाही. हॉटेल नाही. पेट्रोल? गाडी असणारच त्याच्याकडे… नाही हो. पेट्रोल एकदाही नाही. पेट्रोलचं कार्ड, आणि पेट्रोल सोडून – हॉस्पिटल. पाळणा. डायपर. डॉक्टर. हे फोटो स्टुडिओचं, हे मी विसरलेच होते. पुन्हा डायपर. हे खेळण्यांचं. बूट. दुसरं काहीच नाही. सगळं बाळाचंच. एवढंच.

एवढंच घेतो तो ह्याच्यावर.

पण त्याला माहिती आहे, ह्याच्यावर काही मिळत नाही. उशांवरून महिनाभर चिडवणारा पोरगा – तो डायपर निळ्यावर घेईल? आणि बूट तर दुकानात जाऊन घेतलेत, म्हणजे पाकीट उघडलं, बाकीची कार्डं बाजूला सारली आणि हे शोधून काढलं. मेसेज कुणाकडे जातो, हे त्याला मीच तर सांगितलं होतं, कार्ड हातात देताना. सांगतोय तो मला. केव्हापासून सांगतोय. मी परक्यांचे खर्च वाचत बसले, सकाळ-संध्याकाळ, आणि घरचा मला वाचता आला नाही. तुम्हाला कळलं, तासाभराची ओळख नाही आपली – नाही, नाही, तुम्ही काही चुकीचं बोलला नाहीत. बसू नका आता. द्या तो फॉर्म. इथे सही राहिली, करा. झालं. हिरवं कार्ड घरी येईल. पुस्तिका न्या. पाणी नको मला, मी ठीक आहे. तुमच्या बायकोला सांगा, यादी छान लिहिली होती. जा तुम्ही, जा. आणि जाताना ती ‘काउंटर बंद’ पाटी तेवढी फिरवा, माझ्या पायात बूट नाहीत.

…हं. हॅलो. – हो, मीच. – नाही रे, काही झालेलं नाही, बरी आहे. दुकानातूनच बोलतेय. तुझी एक सही हवी होती, त्या निळ्या कार्डाचं – नाही, थांब. ते राहू दे. सहीचं नंतर बघू. आधी नाव सांग.