शेवटच्या टाकीतले मासे

चाकणहून भोसरीला येणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवर दोघं बसले होते. एकाच्या शर्टाला ग्रीस, दुसऱ्याच्या गळ्यात मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं ओळखपत्र.

"नदीम भावा, आपली गप्पी व्याली राव."

"कुठली गप्पी?"

"प्लांटवरची. अख्ख्या गावाच्या संडास-मोरीचं पाणी साफ होऊन शेवटी ज्या टाकीत पडतं, तिथली. सकाळी बघतो तर ही पिल्लंच पिल्लं."

"त्या पाण्यात मासे जगतात, गोरक्ष?"

"संसार मांडलाय त्यांनी. बागांना हेच पाणी जातं, कंपन्या हेच नेतात. तुझा बोअर आटलाय, गाड्या धुवायला तूही टँकर घे ना."

"वास?"

"ये आणि हुंगून बघ."

"उद्याच येतो. पण मागं तर मासे मेले म्हणाला होतास."

"मेलेच. गॅरेजवाले काळं ऑइल गटारात ओततात. त्यानं आमचे मैला खाणारे जिवाणूच मरतात. मग पाणी साफ कोण करणार?"

नदीमनं खिशातून फोन काढला. आपल्या गॅरेजवरच्या पोराला लावला.

"झिशान, तो काळ्या ऑइलचा डबा मोरीत ओतू नको. हां, रोज ओततो आपण, माहितेय मला. आजपासून नाही. अरे, बाळंतीण आहे तिकडं."