अकरा नंबर खाटेचा भाऊ

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न वर्षे, धंदा शाळेचे गणवेश शिवणे, राहणार पिठाच्या गिरणीवरचा पहिला मजला, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्याही शिकवणीवरून नव्हे, जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली. मूलबाळ नाही. पती लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात. त्यांना तीन बहिणी आहेत, तिघीही परगावी असतात. भाऊ नाही. सख्खा नाही, चुलत नाही, मानलेलाही नाही.

चालू महिन्याच्या तीन तारखेला सकाळी दहाच्या सुमारास ते कामावर असताना लिफ्टच्या खड्ड्यात पडले. डोक्याला मार लागला. मोठ्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर अकरा नंबरची खाट मिळाली. पाच तारखेला शुद्धीवर आले आणि माझ्याकडे बघून त्यांनी सिस्टरला विचारले, "या बाई कोण?" डॉक्टरांनी सांगितले की मागचे सगळे पुसले गेले आहे, ते परत येईल अशी आशा धरू नका. नवीनही फार टिकणार नाही. मात्र रोज जवळ जो बसेल तो हळूहळू आपला वाटू लागेल. डॉक्टर सरळ बोलले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी मशीनवर कापड टाकले व रोज सकाळी आठला जाऊन बसू लागले.

नऊ तारखेला मी लग्नाचा फोटो नेला. त्यांनी स्वतःला ओळखले. माझ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही कोणी बारीक मुलगी आहे. तुम्ही नाही." तीस वर्षांपूर्वी मीही बारीक होते, हे मी तिथे सांगितले. शेजारच्या खाटेवरचे हसले. पती हसले नाहीत. मोठ्या सिस्टरने मला विचारले, तुम्ही यांना हाक काय मारता? मी म्हटले, अहो. त्यावर पती म्हणाले, "अहो तर या सिस्टरपण म्हणतात." एकोणतीस वर्षांत दुसरी हाक मारलीच नव्हती.

अकरा तारखेला त्यांनी सिस्टरला सांगितले की ही बाई डब्यात काहीतरी कालवते. डबा बंद झाला. बारा तारखेला केसपेपरवर "सदर महिलेस पाहून रुग्ण घाबरतो" असे लिहून मला वॉर्डात येण्यास मनाई केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, हे वाक्य जसेच्या तसे लिहावे. त्या दिवशी घरी जाऊन मी कपाटातले लग्नाचे कागद काढले व त्यावरचे माझे नाव वाचले. दोनदा वाचले. मला स्वतःचीच भीती वाटली.

पुढे मी रोज खाली जिन्यापाशी बसत असे. एक इसम, वय पंचेचाळीसच्या आसपास, रोज नऊच्या ठोक्याला पास दाखवून वर जाताना दिसे. कोणाचा तरी नातेवाईक असेल असे मला वाटले. नंतर चौकशीत कळले ते असे. दवाखान्याच्या पासवर पेशंटचे नाव नसते, फक्त खाटेचा नंबर असतो. माझ्या पतींच्या आधी त्या खाटेवर या इसमाचा सख्खा भाऊ होता. तो दोन तारखेला वारला. प्रेत ताब्यात दिले, पास परत घ्यायचा राहिला. हा फरशी बसवण्याचे काम करतो, घरात दुसरे कोणी नाही. सहा तारखेपासून, मी डबा आणायला घरी गेले की येई व खाटेशेजारी बसे. मनाई झाल्यावर दिवसभर बसू लागला.

माझे पती कोणत्याही अनोळखी पुरुषाला भाऊ म्हणतात. बसच्या कंडक्टरला, पोस्टमनला. जन्माची सवय. मेंदूतून बायको गेली, ही सवय राहिली. त्यांनी या इसमाला भाऊ म्हटले, तो ओ म्हणाला आणि सिस्टरने रजिस्टरात नाते "भाऊ" असे लिहिले. एकवीस तारखेला सकाळी साडेअकराला त्याच नात्यावर सही घेऊन पतींना त्याच्या ताब्यात दिले. मागच्या दाराने गेले. मला एक वाजता झाडूवाल्या मावशींनी सांगितले. मी लगेच येथे येऊन तक्रार दिली.

आज तेवीस तारखेला दुपारी तीन वाजता पोलिसांनी त्या इसमाची खोली उघडली तेव्हा मी सोबत होते. माझे पती खाटेवर बसले होते. दाढी केलेली, सदरा धुतलेला, भरपेट जेवलेले. मला पाहून ते त्या इसमाच्या मागे लपले. इसम हात जोडून म्हणाला, "वहिनी, मी यांना काही केलं नाही हो." अठरा दिवसांत मला यांची बायको म्हणणारा तो पहिला माणूस. म्हणजे मी कोण हे त्याला ठाऊक होते आणि तरीही त्याने त्यांना नेले. मी त्याला तिथेच रडताना पाहिले. मलाही रडू आले, पण त्याचे कारण वेगळे होते.

तक्रार मागे घ्यायची का, असे मला विचारण्यात आले. नाही. मला माझा माणूस घरी हवा आहे, ओळख असो वा नसो. कागदांवरून त्यांना माझ्या ताब्यात देण्याचे ठरले आहे. ते बाहेर बाकावर आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक शिपायाला भाऊ म्हणून विचारत आहेत, "माझ्या भावाला कधी सोडणार?" मी अर्धा तास त्यांच्या शेजारी बसले. दुपारची भीती त्यांना आठवत नव्हती. त्यांनी सरकून मला जागा दिली.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने पतींनी बाकावरून तो शेवटपर्यंत ऐकला. मी सहीला वाकले तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "वाईट झालं हो ताई. मग सापडला का तुमचा नवरा?" जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे.